गायिका क्रमांक एक

नांदेड
भाद्रपद वद्य ५, शके १८६२

चि. रेणुकादास यास,

तुझं पाकीट पोचलं. वाटलं, भाच्याचं पत्र आलं. उघडून पाहतो तर 'संकलकांस सूचना' असा छापील कागद आणि त्याच्या समासात तुझ्या अक्षरात दोन ओळी. मामाला नमस्कार निदान समासात तरी बसला, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

सूचना नीट वाचल्या. गायिकेचं वय, गाव, सासर-माहेर, ओवी कोणाकडून शिकली, जातं एकीचं की दोघींचं, हे सगळं लिहायचं. गायिकेचं नाव घालायचं नाही, क्रमांक द्यायचा. ऐकलं तसं उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. आणि जात्यापाशी बसून लिहिलेला मूळ कागदच पाठवायचा, त्याची नक्कल नको, कारण नक्कल करताना माणूस नकळत सुधारणा करतो. हे शेवटचं मला फार पटलं. आमच्या पोथ्यांचं वाटोळं हुशार लेखनिकांनीच केलेलं आहे. मठ्ठ लेखनिक दिसेल ते उतरवतो. हुशार असतो तो मध्येच थांबतो, विचार करतो आणि नासवतो. या कामासाठी तुला नेमका मामाच का आठवला, ते हे वाचल्यावर लक्षात आलं.

तुमचे प्राध्यापक म्हणतात, ओवी कोणा एकीची नसते. चार गावांत सापडली तर ती परंपरेची. एकाच जात्यावर सापडली तर ती प्रक्षिप्त, म्हणजे कोणीतरी मागाहून घुसडलेली, ती बाजूला काढायची. आम्हीही पोथीला हीच कसोटी लावतो. फरक एवढाच की आमच्या पोथीचा कर्ता मेलेला असतो, त्याला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. वेद अपौरुषेय असं आम्ही पाठशाळेत घोकलं. त्या हिशेबानं ओव्या तर फारच अपौरुषेय, एकही पुरुषानं केलेली नाही. हे तुझ्या प्रबंधात घालायचं असेल तर घाल, माझी हरकत नाही.

आता कामाचं. तुला लातूर भागातल्या ओव्या हव्यात. लातुरात परपुरुषाला जात्याजवळ कोण बसू देणार? भाऊ म्हणून मला बसू देईल असं एकच घर आहे, आणि ते तुझं आहे. हे तुला ठाऊक असूनच तू मला लिहिलंस, की ठाऊक नसल्यासारखं करून लिहिलंस, ते तुझं तू जाण.

मागच्या गोष्टी मी उकरणार नव्हतो. पण तू गप्प, तुझं घर गप्प, तेव्हा मध्ये कोणीतरी एकदा सरळ वाक्यात मांडून ठेवलेलं बरं. हैद्राबादच्या वसतिगृहात म्हणू नये ते गाणं तुम्ही पोरांनी म्हटलं, तुमची नावं कापली गेली, तू संस्थानाची सरहद्द ओलांडून पुण्याला गेलास. इकडे तुझ्या वडिलांना, अनंतरावांना, कचेरीत वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि या मुलाशी आमचा काही संबंध उरला नाही असा जबाब लिहून मागितला. पेशकाराची नोकरी, तुझ्या दोघी बहिणी लग्नाच्या. त्यांनी दिला. खाली आईचंही दस्तखत हवं म्हणाले, म्हणून अक्काचा अंगठा घेतला. त्या जबाबाची नक्कल कोण्या हितचिंतकानं तुला पुण्याला पाठवली, आणि तेव्हापासून तुझं घरी अक्षर नाही. वडिलांवर रागावला असतास तर मी समजू शकलो असतो. तू अंगठ्यावर रागावलास.

त्यानंतर अनंतराव इथं नांदेडला आले, मला घाटावर नेलं आणि ओंजळीत गोदावरीचं पाणी घालून माझ्याकडून वदवून घेतलं, की आईचा निरोप लेकाला आणि लेकाचा आईला माझ्या हातून कधी पोचणार नाही. घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी शपथ घेतली. तेव्हा अक्का कशी आहे हे तू मला विचारू नकोस. विचारलंही नाहीस म्हणा.

मात्र त्या शपथेत वाङ्मयाचा उल्लेख नव्हता. दसरा झाला की लातूरला जातो.

तुझा मामा,
मार्तंड

---

लातूर
आश्विन वद्य ३

चि. रेणुकादास,

या पत्रासोबत मूळ कागद पाठवतो आहे. त्यावर पीठ आहे ते झटकू नकोस, तेही मूळच आहे.

तुमच्या सूचना करणाऱ्या विद्वानानं जातं दुरून पाहिलं असावं. त्यांनी लिहिलंय, 'गायिकेस सावकाश सांगावयास लावावे.' मी लावून पाहिलं. तुमच्या समोरच्या घरातल्या चांगुणाबाई तुला आठवत असतील. त्यांचा नवरा अडतीवर गाडी हाकतो. त्या अजून पहाटे अक्कासोबत दळायला येतात. लातुरात इंजिनाची चक्की आली, पण या दोघी काही तिकडे जात नाहीत. चक्कीचं पीठ पोळतं म्हणे. मी पडवीत पाट टाकून बसलो, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि म्हणालो, "चांगुणाबाई, एक ओवी सांगा. सावकाश."

"सांगू? ववी काय सांगायची वस्तू हाय का, शास्त्रीबुवा? जातं फिरल्याबिगर ती तोंडातच येत न्हाई."

"मग जातं सावकाश फिरवा."

"हाव. अन् भरड पडली की तुमी खाताल. अक्काबाई, तुमच्या भावाला दात हायत का बगा आदी."

अक्का हसली. मी ते कागदावर लिहिलेलं नाही.

तेव्हा आपल्यालाच जात्याच्या वेगानं लिहायला हवं, हे कळलं. पूर्ण अमरकोश मी एका श्वासात म्हणतो असं लोक म्हणतात. पण या दोघींच्या मी कायम एका ओळीनं मागे. मी पहिली ओळ लिहितोय तोवर दुसरी जात्यात जाऊन पीठ होऊन बाहेर. चांगुणाबाईंनी सासूवर इतक्या ओव्या म्हटल्या की मला घाम फुटला, कारण सासू समोरच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. दळण झालं तसं म्हातारीनं एवढंच विचारलं, "किती झालं गं पीठ?" मी चांगुणाबाईंना विचारलं, "म्हातारी रागावत नाही?"

"का म्हनून? जात्यावरल्या शब्दाला जाब नसतो. माझी सासू तिच्या सासूला म्हनायची, मी हिला म्हन्ते. खाली उतरल्यावर बोलले तर मार खाईन."

ही रीत तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायची ते तू पाहा. जात्यावर बसून बाई जे म्हणेल त्याचा घरात कोणी जाब विचारत नाही. नवराही नाही.

तुझं नाव या घरात दोन वर्षं कोणी घेत नाही. धाकट्या मुलीसुद्धा 'दादा' म्हणताना थबकतात. अनंतराव ओसरीवर झोपतात, तोंडावर पांघरूण घेऊन. पहाटे अक्का जात्याला बसली, पहिल्या मुठी घातल्या, आणि म्हणाली:

माहूरच्या डोंगरी बाई, मागितलं मी लेकरू
नाव तिचंच ठेविलं, आता हाक कशी मारू

ओसरीवरचं घोरणं थांबलं. मी वाट पाहिली. अनंतराव कुशीवर वळले, एवढंच. मी उतरवून घेतलं. गायिका क्रमांक एक, वय चव्वेचाळीस, माहेर नांदेड, सासर लातूर, ओवी कोणाकडून शिकली या रकान्यात रेघ.

दळण झाल्यावर तिनं मला विचारलं, "मार्तंडा, हा कागद जाणार कुठं?"

"पुण्याला. एक अभ्यासक आहे, ओव्यांवर पुस्तक लिहितोय."

"बरं," म्हणाली, आणि पीठ चाळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरात दळायचं काही नव्हतं. तरी तिनं कणगीतून जोंधळे काढले, सुपात घेतले, आणि पुन्हा बसली. चांगुणाबाई म्हणाल्या, "अक्काबाई, पाव्हनं यायचेत का?" तिनं जात्यात मूठ सोडली. त्या दिवशी आणखी चार म्हटल्या, म्हणताना मध्येच थांबायची, पुन्हा खुंट्याला हात घालायची. घरात आता चार दिवस पुरेल एवढं पीठ आहे आणि अनंतराव रोज शिळ्या पिठाची भाकरी न बोलता खातात.

कागदावर तिच्या पाच ओव्या आहेत. पाचवी नीट वाच. अर्थ मी सांगणार नाही. लेखनिकानं अर्थ लावू नये असं तुमच्याच सूचनांत आहे, आणि माझी दुसरी अडचण तुला माहीत आहे.

माझ्याविषयी मात्र मला काहीही लिहिता येतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, मी माहूरला जाणार आहे. एकटा जाणार नाही. माहूर अगदी सरहद्दीवर आहे. पलीकडून पुसदच्या बाजूनं यावं, पैनगंगा उतरावी, की माणूस डोंगराच्या पायथ्याशी. त्या दिवशीच्या गर्दीत कोण कुठून आला हे कोणी कोणाला विचारत नाही, पोलीससुद्धा नाहीत. हे भूगोलाचं ज्ञान म्हणून लिहिलं.

मामा

---

नांदेड
कार्तिक वद्य १

चि. रेणुकादास,

तुझा निकाल मिळाला. चांगुणाबाईंच्या बहुतेक सगळ्या ओव्या उत्तीर्ण झाल्या, त्यांची सासू तर चार गावांत सापडली. गायिका क्रमांक एक अनुत्तीर्ण. तू लिहितोस, 'ऐकणारा कोण हे गायिकेस ठाऊक असल्याने साहित्य दूषित झाले आहे. पाचही ओव्या प्रक्षिप्त. मूळ कागदावर तांबड्या शाईने काट मारून तो दप्तरी ठेवला आहे. अशा स्वरूपाच्या पुन्हा पाठवू नयेत.'

अक्षर सुरेख झालं आहे तुझं. लहानपणी मी छडी मारत होतो ते फुकट गेलं नाही.

तुझी पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः आयुष्यभर हेच करत आलो. एखाद्या पोथीत एकच श्लोक जास्त असतो, दुसऱ्या कुठल्याच पोथीत नसतो, तेव्हा मी तो कंसात घालतो आणि रात्री शांत झोपतो. पण मला सांग, दुसऱ्या क्रमांकाची ओवी तू वाचलीस ना?

कागद आला दारी बाई, अंगठा मागे शाई
माझ्या अंगठ्याला डोळे देवानं दिले नाही

ही चार गावांत कशी सापडावी? त्यासाठी चार गावांतल्या आयांचे अंगठे घ्यावे लागतील. मी त्या दिवशी लातुरात नव्हतो, तिला काय सांगून अंगठा घेतला ते मला माहीत नाही. पण जात्यावर ती खोटं म्हणणार नाही. तिथं जाब विचारायला कोणी नसतं, मग खोटं बोलून उपयोग काय?

ऐकणारा ठाऊक असला की गाणं दूषित होतं, हे तुझं म्हणणं मी दोन दिवस घोळवलं. बाबा रे, ऐकणारा ठाऊक नसता तर तिनं कणगी उघडलीच नसती.

मला एक संशय येतो, तो लिहून टाकतो म्हणजे तुला नाकारता येईल. काट पाचही ओव्यांवर एकाच रेघेनं मारलेली असणार. वरून खाली, एक. म्हणजे तू पाचवीपर्यंत वाचलंच नाहीस. पहिल्या ओवीशीच तुला प्राध्यापक आठवले. खरं काय ते कळव. पौर्णिमेला अजून अवकाश आहे. मी पुन्हा सांगतो, पाचवी वाच. याहून जास्त बोललो तर माझ्या ओंजळीतलं पाणी सांडतं.

अक्का पुढच्या महिन्यात नांदेडला माझ्याकडे येते आहे, तिथून आम्ही माहूरला जाऊ. हे लिहून मी शपथ किती मोडली याचा निर्णय कुठल्या स्मृतीत सापडत नाही. शोधतोय.

मामा

---

नांदेड
मार्गशीर्ष शुद्ध ४

रेणुकादास,

तुझं कार्ड आलं. 'कामाचा व्याप आहे, संकलनाव्यतिरिक्त पत्रव्यवहार नको.' ठीक आहे.

आज सकाळी घाटावर गेलो. स्नान झालं, ओंजळ भरून पाणी घेतलं, गोदावरीला म्हणालो, हे तुझं तुला परत. पाणी सोडलं. पलीकडे एक बाई कपडे धूत होती, तिला वाटलं मी पितरांना पाणी देतोय. तसंच काहीसं होतं.

आता ऐक. पाचव्या ओवीचे शब्द मला आठवत नाहीत. सगळी पाठशाळा हसेल. पण हातात लेखणी धरून ऐकलं की डोकं म्हणतं, कागदावर आहे ना, मग मला कशाला सांभाळायचं. ज्या दोन लिहून धाडल्या तेवढ्याच राहिल्या. तिसरी, चौथी गेली. पाचवीचा आशय तेवढा राहिला आहे तो सांगतो. पौर्णिमेला मी माहूरच्या पायऱ्यांवर बसेन, असं ती म्हणते. तू माझ्याशी बोलू नकोस, पाया पडू नकोस, तुझ्या नि वडिलांच्या अंगाशी येईल असं काही करू नकोस. नुसता वर चढून जा. मी चालीवरून ओळखीन.

एवढंच आहे. तिनं तुझ्याकडं मागितलेलं एवढंच आहे.

ती काल आली. तिला सोडायला अनंतराव मोटारस्टँडपर्यंत आले होते, असं चांगुणाबाई सांगतात. त्याही सोबत आल्या आहेत, त्यांचाही काही नवस आहे. मोटार सुटताना अनंतरावांनी एक घोंगडी वर दिली. चांगुणाबाई म्हणाल्या, "मालक, घोंगड्या घेतल्यात की दोगींच्या." ते म्हणाले, "माहूरला थंडी असते. एक जास्त असू द्या." आणि वळून कचेरीच्या रस्त्याला लागले.

त्या रोज ओसरीवरून ऐकणाऱ्या माणसानं पाचवी ओवी ऐकली होती. तू तरी वाच.

मार्तंड

---

नांदेड
मार्गशीर्ष वद्य ५

चि. रेणुकादास,

माहूरहून परत आलो तर तुझं कार्ड दारात पडलेलं. 'आपले पत्र पोचले. प्राध्यापक याच आठवड्यात हस्तलिखित तपासत आहेत, निघणे शक्य नाही.' मग खाली थोडी जागा सोडून, वेगळ्या शाईनं: 'आई कशी आहे?'

पत्र पोचलं त्या दिवशीही पुण्याहून गाडी होती. पण शेवटची ओळ तू वेगळ्या शाईनं लिहिलीस, म्हणजे कार्ड एकदा लिहून बाजूला ठेवलंस आणि पुन्हा हातात घेतलंस. म्हणून हे लिहितोय, नाहीतर नांदेडात मलाही काम आहे.

किनवटपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. चांगुणाबाई वाटभर बोलत होत्या. रेणुकेच्या पायऱ्या जिथं वळण घेतात तिथं एक रुंद पायरी आहे. खालून येणारा आधी पायाकडून दिसतो, मग तोंडाकडून. अक्कानं पूर्वी पाहून ठेवल्यासारखी तीच जागा धरली. उजाडल्यापासून बसली. मी म्हटलं, आधी दर्शन घे. म्हणाली, देवी कुठं जाते.

गर्दी किती होती ते सांगत नाही. पण जितके तरणे गडी वर आले, त्या प्रत्येकाचे पाय तिनं पाहिले. एक तुझ्यासारखा उंच, डावा खांदा पाडून चालणारा, खालून येताना दिसला. ती उठून उभी राहिली. तो वळणावर आला, वऱ्हाडातला कोणी होता, बायको मागून येत होती. ती पुन्हा बसली. चांगुणाबाई म्हणाल्या, "अक्काबाई, वाईच चहा तरी घ्या."

"येतील ना गं अजून लोक?"

"येतील की. अजून समदा दिवस पडलाय."

दुपारी कोण्या भाविकानं तिला भिकारीण समजून तिच्या पदरात खोबऱ्याचा तुकडा टाकला. मला ओशाळल्यासारखं झालं. मी उचलायला गेलो तर तिनं पदर मिटला. "राहू दे," म्हणाली, "प्रसाद आहे." तो तिनं खाल्ला नाही. गाठीला बांधला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

ऊन उतरलं, वर दिवे लागले. उतरणारे जास्त आणि चढणारे विरळ झाले. मग तिनं माझ्याकडं न पाहता विचारलं:

"मार्तंडा, तू नीट उतरवलं होतंस ना?"

तू आमच्या विद्येतला आहेस, म्हणून या प्रश्नाचं वजन तुला कळेल. गेली वीस वर्षं मी लोकांच्या पोथ्या तपासतोय. माझ्या हातचं एक अक्षर गळलं, एक अपपाठ झाला असं कोणी दाखवावं, मी जानवं उतरवून देईन, असं मी चारचौघांत म्हणत आलो. तुझा कागद तर मी तिथल्या तिथं पुन्हा वाचून पाहिला होता. काना चुकलेला नव्हता.

मी म्हणालो, "नाही अक्का. तू घाईनं म्हणत होतीस. पाचवीची एक ओळ माझ्याकडून राहून गेली. पौर्णिमेचीच. त्याला कळायला मार्ग नव्हता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, रागावेल. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. म्हणाली, "एवढा शिकलास आणि चार शब्द धरता येईनात तुला." चांगुणाबाईंनी लगेच धरलं: "मी म्हनलंच हुतं, कागदावर पीठ पडतंय त्यांच्या. निम्मं पिठाखाली गेलं असंल." उतरताना दोघी माझी टर उडवत होत्या. अक्का दोनदा हसली. पायथ्याशी आल्यावर म्हणाली, "म्हणजे त्यानं टाळलं नाही." हे तिनं मला विचारलं नाही, स्वतःशी म्हटलं. मी ऐकलं नाही असं केलं.

परवा मी त्यांना लातूरला पोचवायला गेलो. अनंतरावांनी सामान उतरवून घेतलं. जास्तीची घोंगडी जशी दिली तशीच, घडी न मोडलेली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली. "थंडी नव्हती वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "फारशी नव्हती." ती ओसरीवर उशाशी ठेवून ते कचेरीत गेले.

काल पहाटे मी पुन्हा पडवीत बसलो, फळी मांडीवर घेऊन. माझ्या मनात होतं, त्या तीन ओव्या तिच्याकडून परत म्हणवून घ्याव्यात. जातं सुरू झालं. तिनं म्हटल्या त्या सगळ्या तुझ्या कामाच्या होत्या. लेक म्हणजे राजस, लेक म्हणजे चंद्र, लेक म्हणजे वाड्याचा खांब. नाव कुठं नाही. त्या लातुरात सापडतील, उमरीला सापडतील, बिलोलीला सापडतील. ओसरीवर अनंतराव जागे होते, ते बराच वेळ ऐकत राहिले. मग उठून मागच्या दारी गेले.

मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशीच्या म्हण ना. माहूरची झाली, अंगठ्याची झाली, पुढच्या तीन."

"त्या आता कुठल्या आठवतात? त्या त्या दिवशीच्या. पिठाबरोबर गेल्या."

"मग नव्या म्हण."

"तुला उतरवता येत नाहीत, मी कशाला नव्या म्हणू? जुन्याच बऱ्या. जुन्या सगळ्यांना येतात, कोणी धरल्या नाहीत तरी राहतात."

तेव्हा आई कशी आहे, याचं उत्तर असं आहे, की ती आता उत्तीर्ण झाली. तिच्या ओव्यांत घुसडलेलं असं काही उरलं नाही. तुझ्या प्राध्यापकांना कळव.

आता माझं एक मागणं. त्या तीन ओव्या जगात एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या दप्तरात, तांबड्या काटेखाली. तिला आठवत नाहीत. मला आठवत नाहीत. नक्कल करू नये ही तुमचीच सूचना, मी पाळली. तो कागद मला हवा आहे. टपालानं पाठवू नकोस. तांबड्या शाईतून माझ्या डोळ्यांना दिसणार नाही, आणि तिला वाचता येत नाही हे तुला माहीतच आहे. त्या कोणीतरी जात्यापाशी बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवायला हव्यात, तिच्या वेगानं. लातूर तुला बंद आहे. नांदेडला मी सोय करतो; माझ्या घरातही जातं आहे, ती चैत्रात माझ्याकडे येईल. सरहद्द कुठून उतरायची ते तुला भूगोलात शिकवलं आहेच.

येशील तेव्हा आणखी एक. ती तुला सांगेल, मामानं ओळ गाळली, त्याला उतरवता येत नाही, म्हणून तुला कळलं नाही. ती हे हसत सांगेल. कागद तुझ्या हातात असेल, त्यात ओळ असेल. तेव्हा माझं अक्षर तिला दाखवून माझी बाजू मांडू नकोस. हो म्हण. आयुष्यात माझ्या हातून एकच अपपाठ झाला आहे, तो तसाच राहू दे.

मार्तंड